गोळ्या, काढे आणि शिवणयंत्रे

लंडनच्या ‘द टाइम्स’च्या पहिल्या पानावर १९६६ सालच्या मे महिन्यापर्यंत बातम्या छापत नसत. ते पान जाहिरातींचे असे. दोन्ही महायुद्धांच्या बातम्यांसाठीही वाचकाला पान उलटावे लागले. आज जुन्या अंकांच्या फाइली चाळणारा अभ्यासक हेच पान सर्वांत वेगाने उलटतो आणि अग्रलेखावर येऊन थांबतो. या पुस्तकाने त्या उलटून टाकलेल्या पानावरच मुक्काम केला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सतत शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन तऱ्हेच्या जाहिराती इथे एकत्र आल्या आहेत : गुप्त कृतीच्या तयार औषधांच्या, आणि घरात नव्याने शिरू पाहणाऱ्या यंत्रांच्या. हा शेजार मला फार महत्त्वाचा वाटतो आणि मुख्यतः त्याबद्दलच बोलायचे आहे. शिवणयंत्र विकणारा आणि क्षयावरचे औषध विकणारा एकाच टाइपात, एकाच सुरात, एकाच वाचकाशी बोलत होते. एकाचा माल खरा होता, दुसऱ्याचा बहुधा खोटा. नुसत्या छापील अक्षरावरून हा भेद ओळखण्याची काही सोय वाचकापाशी नव्हती.

आधी पैशांचे पाहू. इंग्लंडमध्ये वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीवर सरकारी कर असे. १८३३ पर्यंत तो साडेतीन शिलिंग होता, मग दीड शिलिंग झाला आणि १८५३ मध्ये उठला. १८५५ मध्ये अंकावरचा मुद्रांक गेला, १८६१ मध्ये कागदावरचा कर गेला. कर उठले तशी स्वस्त वर्तमानपत्रे निघाली. अमेरिकेत हे आधीच सुरू झाले होते. बेंजामिन डे याने ‘न्यूयॉर्क सन’ १८३३ च्या सप्टेंबरात एका सेंटला विकायला काढला. एवढ्या किमतीत अंक परवडत नाही, उरलेला खर्च जाहिरातदाराने भरायचा असतो. आणि देशभर, वर्षभर, न चुकता जाहिरात देऊ शकेल असा माल तेव्हा कोणता होता? पीठ, साखर, चहा, कापड हे गल्लीतल्या दुकानात सुटे मिळे. त्याला कारखान्याचे नाव नव्हते. औषधाची बाटली मात्र लहान, टिकाऊ, रेल्वेने कुठेही जाणारी, बनवायला अतिशय स्वस्त आणि नाव मिरवणारी होती. छापलेल्या नावाच्या बळावर माल विकण्याची विद्या म्हणून औषधवाल्यांनी घडवली. साबण, सायकली, कॅमेरे त्यांच्या मागून त्याच वाटेने आले.

या विद्येचा पहिला मोठा पंडित टॉमस हॉलोवे. १८३७ मध्ये त्याने लंडनमध्ये एक मलम विकायला काढले, मग गोळ्या काढल्या. कमाई होती तेवढी, आणि नव्हती तीही, त्याने जाहिरातींत घातली. वर्तमानपत्रांची बिले थकून तो कर्जदारांच्या तुरुंगातही जाऊन आला, पण जाहिराती थांबवल्या नाहीत. १८४२ मध्ये तो वर्षाला पाच हजार पौंड जाहिरातींवर खर्च करत होता. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा हा आकडा पन्नास हजारांवर गेला होता. त्याच्या गोळ्यांची नावे साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात, भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही, छापली जात. पोटापासून त्वचेपर्यंत आणि तापापासून दुबळेपणापर्यंत असा आजार नव्हता की जो त्या यादीत सापडू नये. या पैशातून त्याने मनोरुग्णांसाठी एक मोठे रुग्णालय आणि स्त्रियांसाठी एक महाविद्यालय उभारले. ते महाविद्यालय १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने उघडले आणि आजही लंडन विद्यापीठाचा भाग म्हणून चालते आहे. गोळ्यांचे दावे खोटे होते आणि मुलींचे शिक्षण खरे होते. या दोन गोष्टींची वजाबाकी करून शून्य काढता येत नाही, दोन्ही लिहूनच ठेवाव्या लागतात.

जाहिरातींत तुम्हाला एक चमत्कारिक किंमत वारंवार दिसेल : एक शिलिंग दीड पेनी. ही दीड पेनी म्हणजे सरकारचा औषध-मुद्रांक. शिलिंगभर किमतीच्या गुप्त औषधाच्या डबीवर तो चिकटवलेला असलाच पाहिजे असा कायदा होता. सरकारला त्यातून फक्त महसूल हवा होता, आत काय आहे याच्याशी देणेघेणे नव्हते. पण सामान्य माणसाने डबीवर राज्याचा शिक्का पाहिला आणि त्याला वाटले की हे औषध सरकारने तपासले आहे. जाहिरातींनी हा समज जोपासला. सरकारी मुद्रांक नसेल तर माल नकली समजा, असे त्या बजावून सांगत. फसवणुकीत शासन कसे नकळत भागीदार होते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

लँकेशायरमधल्या टॉमस बीचमच्या गोळ्यांची डबीही याच किमतीला मिळे, आणि तिची किंमत गिनीएवढी आहे असे घोषवाक्य १८५९ पासून छापले जात होते. पन्नास वर्षांनी, १९०९ मध्ये, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बाजारातल्या गुप्त औषधांचे पृथक्करण करून ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक छापले. बीचमच्या गोळ्यांत त्यांना तीन वस्तू सापडल्या : कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे आपला काळा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धी फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. विक्रीच्या किमतीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पोट साफ होण्यापुरता या गोळीचा गुण खरा होता. आपल्याकडची कोणतीही जाणती आजी हेच घटक हाताळत आली आहे. तिने मात्र ते वापरताना काय देतो आहोत हे लपवले नाही.

गोळीने पोट साफ झाले तर नुकसान फार नव्हते. खरे भयानक प्रकरण लहान मुलांच्या औषधांचे आहे, आणि त्या जाहिराती वाचताना हात थरथरतो. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ १८४९ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बँगोर गावी निघाले. दात येताना रडणाऱ्या बाळासाठी ते होते. जाहिरातीत प्रसन्न आई, गुबगुबीत बाळ, आणि बाळ शांत झोपेल, आईलाही विसावा मिळेल असे आश्वासन. बाळ झोपत असे हे खरे, कारण सिरपात मॉर्फिन होते. दर औंसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम. चहाच्या चमच्याने एक चमचा दिला तर मोठ्या माणसाला गुंगी यावी इतके. काही बाळे जागी झालीच नाहीत. इंग्लंडच्या गिरणगावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूचे असेच पेय कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना पाजत. मुंबईच्या गिरणगावातली अफूची बाळगोळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यातली लाचारी वेगळी समजावून सांगायला नको. दिवसभर यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या आईला मूल झोपलेले असणे परवडत होते, रडणारे नव्हते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९११ मध्ये विन्स्लो सिरपला बालहत्या करणाऱ्या औषधांच्या यादीत घातले. तोवर ते विकायला येऊन साठ वर्षांवर झाली होती, आणि या साठ वर्षांत ज्या वर्तमानपत्रांनी त्याच्या जाहिराती घेतल्या त्यांत प्रतिष्ठित नावे होती.

हे लोक भोळे होते, अडाणी होते, असे म्हणून वाचकाने पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे. शतकाच्या पूर्वार्धातला पदवीधर डॉक्टर काय करत होता ते आठवा. तो शीर कापून रक्त काढी, आणि कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचे क्षार इतके देई की रोग्याचे दात हलत. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्ये दाखवला, त्यालाही औषध नव्हतेच. डॉक्टरची फी कामगाराला झेपत नव्हती, आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शेतवस्त्यांवर डॉक्टर मैलोगणती सापडत नव्हता. अशा माणसाला वर्तमानपत्रातून कोणी तरी म्हणते आहे की तुझे दुखणे आम्हाला समजते, वेदना न होता बरा होशील, आणि हा पाहा तुझ्यासारखाच एक शेतकरी बरा झाला. त्याने बाटली मागवली यात नवल काय?

लिडिया पिंकहॅमची गोष्ट या दृष्टीने नीट वाचावी. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावची ही बाई स्त्रियांच्या दुखण्यांवर घरी एक काढा करून शेजारणींना फुकट देत असे. १८७३ च्या आर्थिक पडझडीत नवऱ्याचे बुडाले, आणि १८७५ पासून तो काढा बाटलीमागे एक डॉलरने विकायला काढला. त्यात चारपाच वनस्पती होत्या, त्यातली एक चक्क मेथी. आणि सुमारे १८ टक्के मद्यार्क होता. खुद्द लिडियाबाई दारूबंदीच्या बाजूच्या. मद्यार्क फक्त काढा टिकावा म्हणून, असे त्यांचे म्हणणे. १८७९ पासून त्यांचा चेहरा जाहिरातीत छापला जाऊ लागला : पांढरे केस, स्थिर नजर, घरातल्या थोरल्या बाईसारखा विश्वास. पुरुष डॉक्टरपुढे ज्या गोष्टी बोलता येत नाहीत त्या पत्राने मला लिहा, पुरुषाच्या नजरेला पत्र पडणार नाही, असे आवाहन असे. बायकांनी खरोखर ढिगांनी पत्रे लिहिली. कंपनीने उत्तरे दिली, आणि शरीराची माहिती देणाऱ्या पुस्तिकाही वाटल्या. पाळी, गर्भारपण, वयाचा बदल यांबद्दल इतके सरळ त्यांच्याशी तोवर कोणी बोलले नव्हते. काढ्याने किती जणी बऱ्या झाल्या कोण जाणे, पण कोणी तरी ऐकून घेते आहे हा दिलासा खोटा नव्हता. खोटे होते ते पुढचे. लिडियाबाई १८८३ मध्ये वारल्या, आणि जाहिराती मात्र मिसेस पिंकहॅमना लिहा असे म्हणतच राहिल्या. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला. बावीस वर्षे बायका आपली मनातली दुखणी एका मृत स्त्रीला कळवत होत्या.

आता त्याच पानावरच्या शेजाऱ्याकडे वळू. एलियास हाउने १८४५ मध्ये बोस्टनच्या एका कपड्यांच्या कारखान्यात आपले शिवणयंत्र पाच शिवणकाम करणाऱ्या मुलींविरुद्ध चालवून दाखवले आणि शर्यत जिंकली. १८४६ मध्ये त्याला पेटंट मिळाले, १८५१ मध्ये आयझॅक सिंगरला मिळाले. पेटंट घ्यायचे तर यंत्राचा प्रत्येक भाग आराखड्यासह जाहीर करावा लागतो. कोणीही जाऊन तो पाहू शकतो. औषधवाल्यांनी ‘पेटंट’ हे बिरुद मिरवले, पण पेटंट बहुतेकांनी घेतलेच नाही, कारण घेतले असते तर बाटलीत काय आहे ते सांगावे लागले असते. त्यांनी नाव, बाटलीचा आकार आणि सही नोंदवून घेतली आणि कृती तिजोरीत ठेवली. एक धंदा उघड करून दाखवण्यावर उभा होता, दुसरा झाकण्यावर.

यंत्र विकणे त्यामुळे सोपे होते असे नाही. सिंगरचे सुरुवातीचे यंत्र सव्वाशे डॉलरच्या घरात होते आणि मध्यम कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतके होई. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये हप्त्यांची योजना काढली : थोडे पैसे भरून यंत्र घरी न्या, बाकी महिन्याला द्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या दुकानात मुली बसून यंत्र चालवून दाखवत, म्हणजे बायकांना हे जमते की नाही ही शंकाच उरू नये. १८७६ मध्ये मेलव्हिल बिसेलने सतरंजी झाडण्याचे फिरते यंत्र काढले, त्याचाही प्रचार दारोदार झाडून दाखवूनच झाला. यंत्रांच्या जाहिरातीत त्यामुळे एक वेगळी भाषा तयार झाली : चालवून पाहा, महिनाभर ठेवा, पसंत नसेल तर परत करा. न शिवणारे शिवणयंत्र दुसऱ्या दिवशी उघडे पडते. न लागू पडणारे औषध मात्र कधीच उघडे पडत नाही. रोगी आपोआप बरा झाला तर श्रेय बाटलीला मिळते. नाही झाला तर आणखी सहा बाटल्या घ्यायला हव्या होत्या, असे होते. आणि मेला तर तो पत्र लिहायला उरत नाही. प्रशस्तिपत्रांनी भरलेले रकाने जिवंत माणसांनी लिहिलेले आहेत, ही गोष्ट वाचताना डोळ्यांपुढे ठेवावी.

हे सारे मजकूर दिसायला इतके दाट का आहेत, याचेही कारण सांगायला हवे. जेम्स गॉर्डन बेनेट याने १८४७ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये नियम केला की सर्व जाहिराती साडेपाच पॉइंटांच्या बारीक टाइपातच लागतील, चित्र नाही, मोठे अक्षर नाही, लहान जाहिरातदारावर अन्याय होऊ नये हा त्यामागचा विचार. यावर रॉबर्ट बॉनर नावाच्या साप्ताहिकाच्या मालकाने तोड काढली. एकच ओळ त्याने रकानाभर, मग पानभर, पुन्हा पुन्हा छापली. आजच्या घोषवाक्यांच्या माऱ्याचा एक उगम टाइपाच्या या बंधनात आहे.

शतकाच्या शेवटी हे दोन शेजारी एकमेकांत मिसळले. विजेचा दिवा आणि टेलिफोन पाहून थक्क झालेल्या लोकांना डॉक्टर स्कॉटच्या नावाने ‘विजेचा’ केसांचा ब्रश विकला गेला. डोकेदुखी पाच मिनिटांत थांबेल आणि टक्कल पडणार नाही, हा दावा. ब्रशात वीज नव्हती, मुठीत लोहचुंबकाच्या सळ्या होत्या; खात्री पटावी म्हणून सोबत होकायंत्र देत, आणि त्याचा काटा हलत असे. टेक्सासमधल्या विल्यम राडम याने जंतूंचा शोध लागल्याचे ऐकून १८८६ मध्ये ‘मायक्रोब किलर’ काढले. ते जवळजवळ निव्वळ पाणी होते, थोडे गंधकाम्ल घातलेले. त्यावर त्याने मोठा धंदा उभारला. यंत्राने आणि विज्ञानाने कष्टाने मिळवलेली पत अशी औषधवाल्यांनी उसनी घेतली. या संग्रहातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ही उसनवारी आजही थांबलेली नाही.

आणि वर्तमानपत्रे गप्प का होती? अमेरिकेतल्या औषध कंपन्यांच्या करारपत्रांत लाल शाईत एक कलम छापलेले असे : तुमच्या राज्यात आमच्या धंद्याविरुद्ध कायदा झाला तर हा जाहिरातींचा करार रद्द. म्हणजे कायदा येऊ नये याची काळजी संपादकाने घ्यायची. १९०५ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने हे कलम उघड केले. त्याच अंकांत सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्सची ‘द ग्रेट अमेरिकन फ्रॉड’ ही लेखमाला चालू होती. ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची सही झाली. या कायद्याने औषधांवर बंदी घातली नाही. अफू, मॉर्फिन, कोकेन, मद्यार्क असेल तर चिठ्ठीवर लिहा, असे सांगितले. इंग्लंडची संसदीय समिती आपला अहवाल घेऊन आली ती ४ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे देशाने युद्ध पुकारले त्याच दिवशी. अहवाल बाजूला पडला.

मराठी वाचकाला यातली काही नावे घरातलीच वाटतील. नॉटिंगहॅमच्या वुडवर्डचे ग्राइप वॉटर १८५१ चे, ईनोचे फ्रूट सॉल्ट न्यूकॅसलचे. क्लोरोडाइन तर इंग्रज लष्करातल्या कॉलिस ब्राउन या डॉक्टरने भारतातल्या नोकरीत पटकीवर काढले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. आपल्याकडच्या उलट्या वाटेचाही एक धडा आहे. काशीनाधुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढले, आणि त्याच्या कमाईवर १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे साप्ताहिक सुरू केले. लंडन-न्यूयॉर्कमध्ये औषधाच्या पैशाने वर्तमानपत्राचे तोंड बांधले. इथे औषधाच्या पैशाने एका भाषेला वर्तमानपत्र मिळाले. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर भारतात कायदा झाला तो १९५४ मध्ये.

इथल्या जाहिराती वाचताना घाई करू नका. किंमत, पत्ता, तळाची बारीक ओळ, प्रशस्तिपत्र लिहिणाऱ्याचा धंदा, आणि शेजारच्या रकान्यात काय विकले जाते आहे, हे सगळे पाहा. आणि एक मागणे आपल्या ग्रंथालयांकडे व घरोघरी जुने अंक जपणाऱ्यांकडे आहे. नियतकालिकांचे खंड बांधताना वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकायची रीत सगळीकडेच होती, आपल्याकडेही होती. ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’, ‘केसरी’ यांचे आणि जुन्या मासिकांचे जे अंक अजून अखंड आहेत, त्यांची छायाचित्रे घेताना जाहिरातींचे पान वगळू नका. मराठी माणूस कशाने आजारी पडत होता, कशाला भीत होता आणि घरात पहिले शिवणयंत्र आणताना कोणाच्या शब्दावर विसंबला, हे त्या पानावर छापलेले आहे, आणि त्याचा असा संग्रह मराठीत व्हायला हवा.